गेटबाहेर कोण थांबणार

५ फेब्रुवारी

दिपाली आज माझ्याकडे बघून हसली. हसली! मागच्या वर्षी संपाच्या आदल्या दिवशी म्हणाली होती, "सुजाता, तू थांबली म्हंजे मी थांबलीच समज." मी कारखान्याच्या गेटबाहेर थांबले. ही ओढणी तोंडावर ओढून, हजेरीचा पंच करून आत! बाकीच्या तिच्यामागे. माझा गेटपास बंद. सहा महिने लोकांची भांडी घासली. एखादं तिच्या डोक्यात घालायला हवं होतं.

७ फेब्रुवारी

उन्नतीला कॉलेजात गेम थिअरी आहे, म्हणजे डावपेचांचं गणित. कागदावर चार घरं काढून मला संप समजावत होती. "आई, एकटीनं थांबनं सर्वात वाईट. म्हनून जो तो दुसऱ्याले पाहून राहते. दिपालीमावशी भेली असन."

भेली असन म्हणे! पोरगी माझी आणि वकिली तिची.

मग म्हणाली, "पन तोच डाव पुन्हा आला का बात अलग. लोकं मागचं इसरत नाहीत."

मी तर नाहीच विसरले.

९ फेब्रुवारी

पुन्हा संप! ठेका पद्धत बंद करा म्हणून. युनियनच्या हिरालालभाऊंनी बायकांना निरोप द्यायचं काम मलाच दिलं. सगळ्यांना गुरुवार सांगितला. दिपालीला बुधवार.

वर तिला बजावलं, "फोनवर कोनाले इचारू नको वं, ठेकेदाराचे मानसं हायत सारीकडे."

तिनं माझे हात धरले. "या टाइमाले मी पहिली थांबीन."

थांब. थांबच!

१३ फेब्रुवारी

उद्या. जेवण गेलं नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार, सकाळ

वही मुद्दाम डब्याच्या पिशवीत आणली, शेडमध्येच लिहिते आहे. गेटसमोर ती एकटी जमिनीवर बसलेली, डबा मांडीवर. मीही ओढणी तोंडावर ओढली, तिच्यासमोरून गेले, पंच केला. "सुजाता!" अशी हाक आली. वळले नाही. बरं वाटलं. फार बरं वाटलं!

बाकीच्या अजून आल्या नाहीत.

दुपार

कोणी आलंच नाही. मघाशी गार्ड नत्थू डोकावला. "बाई, तू कावून आत? दिपालीले एकटी पाहून साऱ्याच बाहेर बसल्या ना. म्हनतेत, मागच्या साली सुजाताले एकटी सोडलं, आता कोनाले सोडाचं नाही."

बाहेर माझ्या नावाच्या जिंदाबादच्या घोषणा चालू आहेत.

आज पंच एकटीचा. माझा.