ढोकीच्या हवेवर वाढलेलं इंजिन

मेहेरबान फकरुद्दीन मामू आणि अन्वरी मुमानी यांना बंगळूरहून झुबेरचा अदबीनं सलाम.

तुमच्या गुडघ्याची, मुमानीच्या खोकल्याची आन कोंबड्यांची खुशाली कळवा. माझी तब्येत बरी हाय. तुमच्या मोटारसायकलीची तब्येतबी बरी व्हईल. फोन न करता पत्र लिवतोय, कारण फोनवर तुमी पहिल्याच वाक्याला वरडता आन माझं दुसरं वाक्य पोटातच ऱ्हातं. ह्या पत्रात दुसरी वाक्यं लई हायत. (मदिहा, तू नेहमीसारखं मोठ्यानं वाचत आसशील तर कंसातलं मनात वाच. अब्बांना आधी चहा दे.)

टोस्ट-खारीचा पेटारा बांधून येडशीचा घाट चढताना तुमाला दर खेपेला उतरून गाडी ढकलावी लागायची, आन रामलिंगाच्या देवळातली माकडं मागनं पेटारा उघडून टोस्ट खायची, हे माझ्याच्यानं बघवत नव्हतं. म्हणून तर मी बोललो हुतो, गाडी माझ्यासंगं द्या, अशी करून आणतो की माकडांना नुसता धूर दिसंल. ती जबान मी इसरलो न्हाय. तुमी तवापासून सायकलवर फिरताय हेबी इसरलो न्हाय.

तर हितं आमच्या गॅरेजात डायनो नावाची मशीन हाय. मागचं चाक रोलरवर ठेवायचं, गाडी जागच्या जागी पळती, आन कॉम्प्युटर सांगतो तिच्यात किती घोड्यांची ताकद हाय. तुमची गाडी जशी आली तशी चढवली तर सात घोडे निघाले. मग मी इंजिनाला हवा गाळून देणारा जुना डबा काढला (तोच, जो परतीच्या टेम्पोनं मुमानीकडं धाडला, कायतरी उपेग व्हईल म्हणून) आन त्याच्या जागी तुमच्या मनगटाएवढा चकचकीत पाईप बसवला. भट्टीत भाता जोरात मारला की जाळ वाढतो, हे तुमीच शिकवलंय. जादा हवा, जादा ताकद. सगळं गॅरेज गोळा झालं. गाडीनं असा आवाज काढला की समोरच्या सलूनातलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं बाहेर आलं. कॉम्प्युटर म्हणाला, पाच.

दोन घोडे गेले कुठं? बसवेश (हा माझ्याबरोबर काम करतो, माणूस दिलानं चांगला) रोलरखाली वाकून बघून आला. मग आमचे उस्ताद गुरुसिद्धप्पा अण्णा पुढं झाले. त्यांनी पाईपाचा वास घेतला आन इचारलं, "गाडी कुठं वाढली रे?" मी म्हणालो, ढोकीत, साखर कारखान्याच्या मागं. "मग! जन्मभर मळीच्या वासावर जगली ती. हितली हवा तिला अळणी लागती."

मामू, खरं सांगतो, मला पटलं. अर्धी ढेप गूळ आणला, पाईपाच्या तोंडाला तारेनं बांधला, गाडी पळवली. साडेसहा! टाळ्या पडल्या. अण्णा तर प्रत्येक गाडीला गूळ बसवायच्या गोष्टी बोलाय लागले. (गुळानं पाईपाचं तोंड अर्धं बुजलं, म्हणून ताकद परत आली, हे मला मागनं उमगलं. पेट्रोल तेवढंच आन हवाच जादा. चिमूटभर पत्तीत घागरभर पाणी ओतल्यावर चहा कसा व्हईल, तसं झालं हुतं.) पण तवा मला वाटलं, गाडीची भूक खुललीय. मी सगळी ढेप बांधली.

इंजिन तापलं. गूळ पाघळला. गाडी तो पिली. गल्लीत काकवीचा आसा घमघमाट सुटला की शेजारची म्हातारी वाटी घेऊन आली. मग गाडीनं एक लांब ढेकर दिली आन गप झाली. आता इंजिन खोलून गरम पाण्यात ठेवलंय. मुंग्या मदत करतायत.

बाकी सगळं खैरियत. तुमचा आज्ञाधारक भाचा, झुबेर.

ता.क. तो जुना डबा धाडून द्या. इंजिनाचं माप त्यालाच बरोबर बसतं.

दुसरा ता.क. डब्यात मुमानीची कोंबडी अंड्यावर बसलीय आसं मदिहानं आत्ताच मेसेजवर सांगितलंय. तिला उठवू नका. पिल्लं निघंस्तोवर थांबायला अण्णा राजी हायत. डबा धुऊ नका म्हणतात, जुना वास जाईल.

तिसरा ता.क. मागचं चाक काढलं तर बिरेकचे लायनर झिजून कागद झालेले, आन पेडलवर तुमच्या चपलेचा ठसा उठलेला. मामू, गाडीचे सात घोडे घाटाला पयल्यापासून पुरत हुते. तुमी चढावर उजवा पाय तेवढा बिरेकवरनं उचलत जावा. वडीलधाऱ्या माणसाला हे एकदम कसं सांगावं, म्हणून एवढं लांबण लावलं.

(मदिहा, वरचं कंसात घालायचं ऱ्हाऊन गेलं. अब्बांना अजून एक चहा दे.)