माणिकरावांच्या नावाचा किडा

१३ जानेवारी २००१. मालवण. दुपारी १
शोध लागला. बस सुटायच्या घाईत लिहून राहिलो, म्हणून अक्षर असं.

बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची सहल. पोरं फोटो काढण्यात दंग. मी एकटा ओहोटीत दगड उलटे करून पाहत होतो. (खरं तर वाहून गेलेली चप्पल शोधत होतो. पण मोठे शोध असेच लागतात.) एका दगडाखाली वीतभर लांबीचा, तपकिरी, रिबिनीसारखा चपटा प्राणी. रिबन वर्म! पुस्तकात याच्यावर दीड पान आहे. नऊ वर्षं ते शिकवतोय, पण गाठभेट पहिलीच. हिंगोलीत समुद्र नाही, हा काय माझा दोष?

पुस्तकातल्या चित्राशी अजिबात जुळत नाही. म्हणजे नवीन जात.

लॅब अटेंडंट ग्यानोबा म्हणाला, सर, चित्रासारखं तर आपल्या लॅबमधलं बेडूक बी दिसत न्हाई. ग्यानोबाला सायन्स नाही.

किडा जिवंतच फॉर्मॅलिनच्या बरणीत टाकला. ग्यानोबा म्हणे, आधी जरा सुस्त करू, गांडुळाला करतो तसं. म्हणालो, बस सुटून राहिली, सुस्त काय करतो?

१४ जानेवारी. बसमध्ये
बरणीत दोन किडे!!

जाड तपकिरी आहेच. शिवाय एक बारीक, पांढरा, सुतळीएवढा. काल तो जाड्याच्या पोटाखाली दडून बसला असणार. ग्यानोबा म्हणतो, त्यानं सोताच्या डोळ्यांनी पाहिलं, फॉर्मॅलिन लागल्याबराबर जाड्यानं ते तोंडातून भसकन बाहेर फेकलं, माणसाला उलटी व्हावी तसं. मी म्हणालो, ग्यानोबा, तुला एस.टी. लागते म्हणून साऱ्या दुनियेला उलटी होत नसते.

एका दगडाखाली दोन नवीन जाती. आपलं नशीब उघडलं.

२० जानेवारी. हिंगोली
बायकोला, निताला, बरणी दाखवली. ती म्हणाली, घरात ठेवू नका. पुढं म्हणाली, याच्यानं परमनंट होणार का?

हाच खरा प्रश्न. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर. परमनंटचा प्रस्ताव दोन वर्षांपासून संस्थेचे अध्यक्ष माणिकराव यांच्या टेबलावर. सहीला कितीसा वेळ लागतो? विचारलं की म्हणतात, बघू. निता शिरड शहापूरच्या दवाखान्यात नर्स, रोज एस.टी.नं जाणं-येणं. आमी एका खोलीत राहतो आणि आमची पाच वर्षांची संगिता तांड्यावर माझ्या आईजवळ, याडीजवळ. परमनंट झालो की दोन खोल्या घ्यायच्या आणि लेकराला इथं आणायचं. जूनमध्ये पहिलीत हिंगोलीच्या शाळेत. मागच्या दिवाळीत तिला शब्द दिलाय. तिनं दप्तर भरून ठेवलंय म्हणे.

योजना: बारीक किड्याला माणिकरावांचं नाव द्यायचं. जगात कोण्या अध्यक्षाला असा मान मिळाला? सही धावत येईल.

संकल्प: रोज पहाटे ५ ते ७ संशोधन. चहा बंद. पेपर महिन्यात पूर्ण.

२१ जानेवारी
पहाटे लाईट नव्हती.

२२ जानेवारी
लाईट होती, पण थंडी. थंडीत बोटं आखडतात आणि सूक्ष्मदर्शकाचं नुकसान होतं. चहा घेतला.

९ फेब्रुवारी
वर्गीकरणाला प्रारंभ. आपल्या सूक्ष्मदर्शकाच्या एका भिंगावर बुरशी आहे. ती किड्यावर आहे असं धरून मी दोन दिवस तिचंही वर्णन लिहिलं. ग्यानोबानं भिंग पुसलं आणि दोन पानं वाया गेली. पुसण्याआधी विचारायला नको?

रिबन वर्मचे दोन मुख्य गट: एक शस्त्रधारी, ज्याच्या आत टोचायची बारीक सुई असते. दुसरा बिनशस्त्र. बारीक किड्यात सुई सापडली! जाड्यात कितीही शोधली तरी नाही. म्हणजे जाती वेगळ्या एवढंच नव्हे, दोघांचे गटच वेगळे! आणि तरी एका दगडाखाली सुखानं नांदत होते. माणसांनी शिकावं.

ग्यानोबा म्हणाला, सर, मंग त्याची सुई याच्यात राहून गेली असंल. म्हणालो, तू बरण्या धू.

१५ फेब्रुवारी
बारीक किड्याची लक्षणं लिहून काढली. डोळे नाहीत. तोंड नाही. गुदद्वार नाही. मेंदू आढळला नाही. खातो कुठून, कळत नाही. बहुतेक खातच नसावा. विज्ञानाला हादरा बसणार.

अध्यक्षांना द्यायच्या कॉपीत 'मेंदू' ही ओळ गाळली. बाकीच्याला 'अत्यंत साधी राहणी' असं मराठी शीर्षक दिलं.

जाड्या किड्याला 'राठोडी' नाव दिलं. स्वतःचं नाव स्वतःच्या किड्याला देणं बरं दिसत नाही म्हणतात. म्हणून ते वडिलांच्या, लालसिंगबापूंच्या सन्मानार्थ दिलंय. बापूंचं आणि माझं आडनाव एकच आहे, त्याला मी काय करणार?

२६ फेब्रुवारी
अध्यक्ष स्वतः लॅबमध्ये! बरणीत डोकावून विचारलं, माझा कोणचा? बारीक दाखवला. चेहरा पडला. म्हणाले, माझा बारीक काहून? मी म्हणालो, साहेब, जाडा बिनहत्यारी आहे. तुमच्याकडं हत्यार आहे. खूश! दोन वेळा विचारून घेतलं, जाड्याकडं न्हाईच ना? न्हाईच, म्हणालो.

जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, राठोड सर, जगात नाव होऊ द्या, मंग तुमची सही बराबर करतो.

निताला सांगितलं. ती हसली. लई दिवसांनी हसली.

१२ मार्च
पेपर संपला. महिना म्हणालो होतो, जवळपास दोन झाले. चालतंय.

कलकत्त्याला रिबन वर्मचे मोठे तज्ज्ञ आहेत, त्यांना दोन्ही किडे आणि पेपर पाठवला. साध्या वहीच्या पानावर पाठवून वजन पडत नाही. म्हणून संस्थेच्या लेटरहेडवर, रीतसर अध्यक्षांमार्फत, अध्यक्षांच्या कव्हरिंग लेटरसह. 'उत्तर अध्यक्षांच्या नावे पाठवावे' असं मीच सुचवलं. अध्यक्ष म्हणाले, हे लई चांगलं केलं तुमी.

मलाही तसंच वाटतं.

१० एप्रिल
उत्तर नाही. तज्ज्ञ थक्क झाले असणार. उत्तराची वाट न पाहता अध्यक्षांचा जाहीर सत्कार करू, असं मी सुचवून टाकलं.

ग्यानोबा म्हणाला, सर, थोडं थांबा, सत्काराचं आत्ताच नका काढू. याला म्हणतात जळणं.

१ मे
आज अध्यक्षांचा सत्कार. झेंडावंदनानंतर लगेच. शाल, श्रीफळ, बँड. गेटवर बॅनर. पेंटरनं नेहमीचा मजकूर घेतला आणि नुसतं पद बदललं: 'मा. माणिकरावजी यांची सागरी किडा म्हणून जागतिक पातळीवर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मी म्हणालो, शब्द जरा बदलू. अध्यक्ष म्हणाले, काहून? वाचायला बराबर आहे.

भाषणात ते म्हणाले, ज्या समुद्रानं मला कधी पाहिलं न्हाई, त्या समुद्रात आज माझं नाव पोहून राहिलं. टाळ्या. संस्थेतल्या विरोधी गटाच्या लोकांनीही वाजवल्या, जरा जास्तच.

माझंही नाव घेतलं. 'आपले राठोड.' आपले!

सही: जूनच्या पहिल्या आठवड्यात. सगळ्यांसमोर म्हणाले.

६ मे. तांडा
संगिताला सांगितलं, जूनमध्ये न्यायला येतो. तिनं विचारलं, पक्कं? म्हणालो, पक्कं. याडी भाकरी थापत राहिली. बापूंना सांगितलं, समुद्रातल्या किड्याला तुमचं नाव दिलंय. बापू म्हणाले, का बरं? मी काय केलं?

२० मे
दोन खोल्यांचं घर पाहून ठेवलं. निता म्हणाली, आधी सही होऊ द्या. बायकांना दूरदृष्टी कमी.

४ जून. सकाळ
अध्यक्षांचं बोलावणं! प्रेस केलेला शर्ट घातला. ग्यानोबालाही बोलावलंय. साक्षीदार म्हणून असेल. सहीला साक्षीदार लागतो का? असो. पेन नेतो आहे.

४ जून. संध्याकाळ
सगळं लिहितो. कोणी वाचणार नाही, म्हणून लिहितो.

टेबलावर कलकत्त्याचं पत्र. इंग्रजी. अध्यक्ष म्हणाले, मराठीत सांगा, मोठ्यानं. वाचत गेलो. तज्ज्ञ लिहितात, बरणीत प्राणी दोन नाहीत, एकच आहे. बारीक तुकडा म्हणजे जाड्या किड्याची सोंड. ती तो आत गुंडाळून ठेवतो. जिवंतपणी फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर ती तो बाहेर फेकतो आणि ती तुटते. सोंडेला डोळे, तोंड, मेंदू नसणं साहजिक आहे. सुईही सोंडेतच असते, म्हणून जाड्यात सापडली नाही. लेखकानं एका प्राण्याचे दोन तुकडे दोन गटांत टाकलेत, असं पूर्वी कोणी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आणि जाडा किडा शंभर वर्षांपूर्वीच नोंदलेला आहे. किनाऱ्यावर तो पुष्कळ मिळतो.

'मेंदू' शब्द मी खाल्ला होता. अध्यक्ष म्हणाले, मधला एक शब्द राहिला, तेवढं इंग्रजी मला येतं.

अध्यक्षांनी विचारलं, ग्यानोबा, तुला माहीत होतं का रे? ग्यानोबा माझ्याकडं पाहत म्हणाला, साहेब, मी जवळ नव्हतो. खोटं बोलला. माझ्यासाठी बोलला. नऊ वर्षांत मी त्याला सरळ तोंडानं बोललो नाही, आणि तो माझ्यासाठी खोटं बोलला. तिथंच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अध्यक्ष म्हणाले, जाड्या किड्याचं नाव काय ठेवलं होतं? म्हणालो, राठोडी. म्हणाले, बरं. मंजे तुमी अख्खा किडा आणि मी तुमची सोंड?

मी म्हणालो, साहेब, विज्ञानात अशा चुका होतात. म्हणाले, तुमी शाल देऊन चूक केली. विरोधी गटाचं पोरगं कालपासून मला पाहून नाकाला हात लावून राहिलं. हे पत्र माझ्याआधी क्लार्कनं वाचलं.

तरी मी निर्लज्जासारखं विचारलं, साहेब, ते सहीचं? फाईल समोरच होती. त्यांनी ती उघडली, माझा प्रस्ताव पाहिला. मी खिशातून पेन काढून पुढं केलं. ते म्हणाले, मी तर सोंड हाय, राठोड. सोंडेला सही करता येते का?

फाईल बंद केली. पेन परत दिलं.

५ जून
संकल्प: अपील करायचं. कुलगुरूंना भेटायचं. जगभरातल्या तज्ज्ञांना लिहायचं. कलकत्तेवाल्याचंही चुकू शकतं.

दुपारी ग्यानोबानं चहा आणला. ठेवून जायला निघाला. मी म्हणालो, ग्यानोबा, बस जरा. बसला. अर्धा चहा बशीत ओतून त्याला दिला.

६ जून
कोणालाही लिहिलं नाही. निताला सांगितलं. वाटलं होतं भांडेल. ती म्हणाली, जाऊ द्या, आणि उद्याच्या ड्युटीची साडी काढून ठेवली. भांडली असती तर बरं झालं असतं.

१३ जून. तांडा
आज संगिताला इथल्याच शाळेत पहिलीत घातलं. निता रजा काढून आली होती. गुरुजींनी रजिस्टर उघडून विचारलं, वडिलांचा व्यवसाय? मी म्हणालो, प्राध्यापक. गुरुजी लिहायला लागले. निता हळूच म्हणाली, गुरुजी, तासिका तत्त्वावर लिहा.

गुरुजींनी खोडून तसं लिहिलं.

संगितानं विचारलं, बा, मला कधी नेणार? म्हणालो, पुढच्या वर्षी. पक्कं का, असं या वेळी तिनं विचारलं नाही. म्हणाली, बरं, आणि वर्गात जाऊन बसली.