फिक्या वरणाचा घास

उमरखेड

प्रिय याडीस, बबिताचा नमस्कार.

मी बरी आहे. एकट्या म्हाताऱ्यांसाठीच्या आमच्या स्वयंपाकघराला काल वर्ष झालं. मी रोज सगळ्यांना वाढते आणि ते गेल्यावर एकटीच जेवते.

रोज जेवायला येणाऱ्या विमलताईंनी काल मला पंगतीत बसवून स्वतः वाढलं. पहिल्याच घासाला माझे डोळे भरले. मी म्हटलं, "तिखट लागलं."

त्या हसल्या. "तांड्यावरची पोरगी तू, अन् तुले फिकं वरण तिखट लागते?" मग पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तुही माय कधी येऊन राह्यली?"

"माझी याडी? सोमवारी," मी बोलून गेले.

बाचा गुडघा कसा आहे? पदवी घेऊन पोरगी वाढपीण झाली, असं अजून म्हणतो का?

याडी, सोमवारी येशील?

तुझीच,
बबिता