नकाराचा मसुदा

गुरुवार, ७ नोव्हेंबर. संध्याकाळी ५.१०

उद्या प्रयाण. लेकीकडचा महिना संपला. उद्या संध्याकाळी ७.४० चं विमान. पुढचा महिना मुलाकडे, तो आणखी तिसऱ्याच देशात. मग घर. दोन्ही पोरं परदेशात असण्याचा हा फायदा. माणूस कुठेच जुना होत नाही.

लेक मला थांबायचा आग्रह करणार हे आता उघड आहे. सकाळी तिने विचारलं, बीपीच्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात. जाणाऱ्या माणसाच्या गोळ्या कोण कशाला मोजेल? शिवाय बाथरूमच्या दारात नवं पायपुसणं आलंय. आणि सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे आज जावई टेप घेऊन माझ्या खोलीची भिंत मोजत होता. पॅसेजमध्ये महिनाभर एक टेबल उभं करून ठेवलेलं आहे. मी रोजनिशी मांडीवर ठेवून लिहितो हे अखेर कोणाच्या तरी लक्षात आलं.

राहायचं मात्र नाही. लोकांना आपण हवे असतो तेव्हाच उठावं. नकार द्यायचा, पण तिचं मन मोडता कामा नये. या कामात मी नवशिका नाही. विमा कंपनीच्या दावे विभागात चौतीस वर्षं काढली. माझ्या नकारपत्रांबद्दल लोक आभार मानायचे. एकाने तर मानलेच होते.

मसुदा क्र. १: 'तुझ्या प्रेमळ विनंतीचा सहानुभूतिपूर्वक विचार केला. तथापि...'

'तथापि' कडक वाटतो. उद्या बघू.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर. सकाळी ६.३०

दाढी करून तयार. ती सकाळीच विषय काढेल, तेव्हा आपण पायजम्यात नको.

चहा झालेला नाही. जावई स्वयंपाकघरात होता. चहा घेणार का म्हणाला. मी नको म्हणालो. त्याने गॅस बंद केला आणि स्वतःचा कप घेऊन गेला.

महिनाभर हेच चाललंय. मुलगा गुणी आहे, पण लहानपणापासून इकडेच वाढलेला. मराठी स्वच्छ बोलतो, फक्त त्याला ती समजत नाही. चहाला पहिलं 'नको' म्हणजे नुसतं घसा साफ करणं. दुसऱ्यांदा विचारलं की 'कशाला उगाच'. तिसऱ्यांदा 'बरं, अर्धा कप'. सरळ कार्यपद्धती आहे. याची फाईल पहिल्याच टेबलावर बंद होते. दोन किलो उतरलो.

आमच्या हिला कधी विचारावंच लागलं नाही. माझं 'नको' पुरं होईपर्यंत कप समोर असायचा. हिला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून माझ्या 'नको'ची भाषा येणारं माणूस राहिलेलं नाही.

सकाळी ८.१५

लेक अर्ध्या दिवसासाठी ऑफिसला गेली. दारात थांबली. 'बाबा' म्हणाली. मी चष्मा काढून ठेवला. अशा वेळी डोळ्यांत बघून बोलावं. तर पासपोर्ट हँडबॅगेत ठेवा म्हणाली. चष्मा परत लावला.

नात शाळेत गेली. सहा वर्षांची आहे, नजर पोलिसाची. म्हणाली, आजोबा, तुम्ही बिस्कीट नको म्हणता आणि मग डब्याकडे बघत बसता. मी डब्याकडे बघत नव्हतो, डब्यामागचं कॅलेंडर बघत होतो, हे तिला समजावून सांगितलं. जाताना ती दोन बिस्किटं टेबलावर ठेवून गेली. कॅलेंडर दुसऱ्या भिंतीवर आहे, हे नंतर लक्षात आलं.

सकाळी ९.५०

टेबल आलं. जावयाने एकट्याने ओढत आणलं आणि खिडकीशी लावलं. मोक्याची जागा. मी म्हटलं, अहो, कशाला एवढा त्रास, मी आज निघणार. तो म्हणाला, हो ना, म्हणूनच. मग दोन मोठे स्क्रीन आणून त्यावर ठेवले, वायरी जोडल्या. उद्यापासून त्याचं ऑफिस या खोलीत.

तात्पुरती सोय असावी. खोली ऐसपैस आहे. मी राहिलो तर दोघं मावू. अर्थात राहणार नाही.

सकाळी ११.२०

बॅग भरली. काट्यावर एकोणीस किलो, मर्यादा तेवीस. अंदाज अचूक.

बॅग जुनी पण दणकट. निळी. हँडलला हिच्या हातची शिवण आहे. घरी माळ्यावर पडून होती. निघताना उतरवली तेव्हा आत डांबरगोळ्या आणि एक कोरा टॉवेल निघाला, लेबलासकट. हिने तो तिथे का ठेवला होता कोण जाणे. हिला प्रवासाची आवड नव्हतीच. सहा वर्षांपूर्वी लेकीने बाळंतपणाला बोलावलं होतं, तिकीट काढते म्हणाली होती. फोन स्पीकरवर होता. मी पेपर वाचत होतो. 'नको गं, यांना गॅससुद्धा पेटवता येत नाही,' असं ही स्वच्छ म्हणाली. माझ्या कानांनी ऐकलं. मी एका शब्दाने अडवलं नाही. कोणाला अडवणं माझ्या स्वभावातच नाही.

दुपारी १२.४०

लेक आली. तिघांनी टोस्ट खाल्ले. मला आणखी एक हवा होता. विचारलं, नको म्हणालो, संपलं.

विषय अजून निघालेला नाही. शब्दांची जुळवाजुळव करत असावी. मोठी गोष्ट मागायची तर वेळ लागतो. आमच्याकडेही दावेदार आधी हवापाण्याचं बोलायचे.

मसुदा क्र. ३: 'बाळा, तू विचारलंस यातच सगळं आलं. पण तुझ्या भावालाही माझी तितकीच गरज आहे.' हा उत्तम. पाठ केला.

दुपारी १.५५

अक्षर वाकडं येतंय. पेन खराब आहे.

लेक माझ्या खोलीतलं कपाट रिकामं करायला आली, जावयाच्या फायलींसाठी. मी कॉटवर बसून राहिलो, म्हणजे तिला बोलायला सोपं जाईल. खालच्या कप्प्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक लोकरी कोट निघाला. डाळिंबी रंगाचा, कोरा. मी म्हटलं, हा तुला आखूड होईल. ती म्हणाली, माझा नाही, आईचा.

मी म्हटलं, पण हिला यायचं कुठे होतं? नको म्हणाली होती की.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती कोट मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसली.

"बाबा, दुसऱ्या दिवशी तुम्ही ऑफिसला गेल्यावर तिचा फोन आला होता. कोट कुठल्या रंगाचा घेतलास, विचारत होती. बाह्या लांब असल्या तर मी आत घेईन म्हणाली."

मी कोटाची बाही चाचपली.

"मी म्हटलं, अगं, मग ये ना. तर म्हणाली, यांना एकदा म्हणू दे, जा म्हणून. बॅग खाली काढून ठेवलीय, दिसेलच त्यांना. आठ दिवसांनी मी फोन केला, तर म्हणाली, बॅग माळ्यावर गेली."

बॅग तेव्हा घरी आमच्या कॉटशेजारी होती. आठ दिवस. मी दोनदा ठेचकाळलो. तिसऱ्यांदा शिडी आणली आणि स्वतः माळ्यावर ढकलली. वर म्हणालो, तुझी पसारा करायची सवय काही जात नाही. ही शिडी धरून उभी होती, मी पडू नये म्हणून.

बाळंतपणात लेकीजवळ माहेरचं कोणी नव्हतं, बाईमाणूस म्हणून फक्त नर्स होती. हे ती आज बोलली नाही. मला माहीत होतं.

मी म्हणालो, मला कल्पना नव्हती. ती म्हणाली, हो, माहितीये. कोट नेता का, विचारलं. नको म्हणालो, बॅगेत जागा नाही. बॅगेत चार किलोची जागा आहे.

दुपारी २.२५

ठरलं. तिन्ही मसुदे रद्द. तिने विचारलं की हो म्हणायचं. पहिल्याच फटक्यात, अर्धा कप वगैरे नाही. महिनाभर राहायचं. जावयाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसू. नातीला शाळेतून आणू. रस्ता पाठ आहे, दोन वळणं आणि एक सिग्नल. आणि एखाद्या दुपारी लेकीला म्हणायचं, माझं चुकलं. ते एवढ्या घाईत, बॅग दारात असताना, म्हणता येत नाही. त्याला दिवस लागतात. म्हणून राहायला हवं.

बाथरूमच्या आरशासमोर सराव केला. हो. हो बाळा. राहतो. पाच वेळा. चौथा प्रयत्न सर्वांत सहज आला.

दुपारी ३.००

ती विचारेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. आपणच म्हणावं, 'राहू का?' दोन शब्द. स्वयंपाकघरात गेलो. ती कप विसळत होती. 'राहू' इथपर्यंत व्यवस्थित आलो. पुढे 'दे, मी पुसतो' असं निघालं.

सात कप पुसले. ती थँक्यू म्हणाली.

विमानतळावर नक्की विचारेल. अशा गोष्टी विमानतळावरच होतात.

संध्याकाळी ५.५०

तपासणी पार करून आत बसलो आहे. बूट घालायचे राहिलेत, पण आधी हे लिहितो.

जावई गाडी लावायला गेला होता. लेक आणि नात दोरीपर्यंत आल्या. त्यापुढे फक्त प्रवासी. नातीने दोन बिस्किटं कागदी रुमालात बांधून माझ्या खिशात घातली, मला न विचारता. लेकीने मफलर नीट केला. मग मफलरचं टोक हातात तसंच धरून म्हणाली,

"बाबा, राहता का अजून थोडे दिवस? तिकीट पुढे ढकलता येतं. मी सकाळीच बघून ठेवलंय."

सकाळीच. म्हणजे मी दाढी करून तिच्या प्रश्नाची वाट बघत होतो तेव्हा ती खरोखरच तारखा बघत होती. दिवसभर तिलाही जमलं नाही. माझीच लेक.

मी म्हणालो, "नको."

मी म्हणालो असं लिहिलं, पण मी म्हणालो नाही. तोंड म्हणालं. पासष्ट वर्षं त्याला तेवढंच वळण. मी आतमध्ये हो घेऊन उभा होतो, पाच वेळा घोटलेला. तिने अजून एकदा विचारलं असतं तर तोच बाहेर आला असता. मी तिच्याकडे बघत राहिलो. तीही बघत राहिली. तिचे ओठ हलले, असं मला वाटलं. मागच्या माणसाने ट्रॉली पुढे ढकलली ती माझ्या घोट्याला लागली.

"बरं," ती म्हणाली आणि मफलर सोडला.

मी दोरीच्या आत गेलो. वळणावर मागे पाहिलं तर दोघी तिथेच होत्या. मी हात हलवला. परत ये अशी खूण करायला हाताने वेगळं काही करावं लागतं का, ते ऐनवेळी सुचलं नाही. लेकीनेही हात हलवला.

रडलो. बूट तपासणारे लोक सरावलेले दिसले, कोणी काही म्हणालं नाही.

विमानात. इथल्या लोकांच्या मते अजून शुक्रवार ८. माझ्या घड्याळात शनिवार ९. घड्याळ घरचं आहे, बदललेलं नाही.

सीट खिडकीची. शेजारची रिकामी.

शांतपणे विचार केला. लेकीने दोनदा विचारायला हवं होतं, असं वर लिहिणार होतो. एका 'नको'वर कोणी माणसाला सोडतं का? मग लिहिलं नाही. तिने एकदा तरी विचारलं. मी हिला एकदाही म्हटलं नाही. जा, एवढं एक अक्षर होतं. त्यापेक्षा शिडी आणणं सोपं वाटलं.

नवे संकल्प. मुलाकडे उतरल्यावर सून विचारेल, जेवलात का. 'भूक लागली आहे' असं सांगायचं. चहा विचारला की हो, आणि साखर किती तेही. तिथून लेकीला फोन करायचा. मला राहायचं होतं, असं थेट म्हणायचं. आणि तो कोट टाकू नकोस, म्हणायचं. फोनवर चूक व्हायची भीती नाही, कारण तिथे विचारणारा मीच. सराव मात्र आत्तापासून सुरू करायचा, उद्यावर ढकलायचा नाही.

आत्ताच ट्रॉली आली. बाईने वाकून विचारलं, चहा की कॉफी. चहाचा वास छान येत होता. सकाळपासून एकही झालेला नाही.

नको म्हणालो. ती हसली आणि पुढच्या रांगेकडे गेली.

परत येईल म्हणून समोरचं छोटं टेबल उघडून ठेवलं आहे, त्यावर नातीची बिस्किटं. पंचवीस मिनिटं झाली. हिने आठ दिवस वाट पाहिली होती.