उलट्या आट्यांचा आरसा

दादा,

तुझ्या बाइकच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात हे मला ठाऊक नव्हतं. जोर लावला आणि हँडलचे आटेच गेले. चकचकीत क्रोमच्या पार्टची हौस माझी, गाडी तुझी, चूक कबूल. पण म्हणून डोक्यात पाना घालायचा? चार टाके पडलेत. मीही हातातला लेगगार्ड तुझ्या तोंडावर हाणला. तुझा दात वाटीत ठेवलाय.

आईने नुसती फरशी पुसली. तिला सवय आहे.

मी मामाकडे चाललोय. डावा आरसा हातानेच लावलाय, आवळल्याशिवाय गाडी काढू नकोस.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, पण काल हाणामारीत हेडलाइटच्या नव्या चकचकीत रिंगमध्ये मला तेच दिसले. एकदा तुझ्या जागी, एकदा माझ्या.