पराभवाची कारणे देऊ नयेत

जोयडा,
कार्तिक वद्य पंचमी, शके १८५४

प्रिय वासू,

वर 'चिरंजीव' लिहून खाली 'अनेक आशीर्वाद' अशी माझी जन्माची सवय. आज तसं दोनदा लिहिलं आणि दोन्ही कागद फाडले. तुला आशीर्वाद द्यायला माझा हात आता धजत नाही. तुझा पत्ता तुझ्या वर्गातल्या म्हादूकडून मिळाला. बेळगावहून परतताना तो शाळेत डोकावला होता. तू छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतोस, हात फार चलाख आहे, मालक तुझ्यावर खूश आहेत, असं सगळं सांगून झाल्यावर जाता जाता म्हणाला, "पण गुरुजी, दुसऱ्याचं लिहिलेलं जुळवतो फक्त. सोता एक ओळ लिवत न्हाई." माझ्याकडे न बघता तो हे बोलला, तेव्हा त्याला काही ठाऊक असावं असं वाटून गेलं. पण त्याला काहीच ठाऊक नाही. ठाऊक होतं ते फक्त तुला आणि मला.

इकडची हकीकत अशी. येत्या चैत्रात मी शाळा सोडतो. घरी रुक्मिणीचे गुडघे धरलेत, तिला चुलीपुढे बसवत नाही, तरी बसतेच. माझ्या जागी कृष्णराव म्हणून खानापूरकडचे एक तरुण मास्तर आलेत. मोठे हौशी गृहस्थ. कपाट आवरताना त्यांना माझी ती जुनी वही सापडली, 'क्रीडावृत्त कसे लिहावे'. शाळेच्या भिंतीवर लावायच्या वृत्तपत्रासाठी मी तुम्हा मुलांकरता केलेले नियम. त्यांनी ती एका बैठकीत वाचली आणि म्हणाले, "गुरुजी, हे छापलं पाहिजे. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेला उपयोगी पडेल. तुम्ही फक्त चार ओळींची प्रस्तावना लिहा." छापखाना त्यांनी ठरवला तो तुझाच. म्हणजे ती वही तुझ्यापुढे आली असती, वासू, आणि त्यातला सहावा नियम तू एकेक खिळा उचलून जुळवला असतास. हे ध्यानात आलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तुझं पहिलं वृत्त मला अजून पाठ आहे. तेरा वर्षांचा होतास. "आपल्या नागूने वाघासारखी झेप घेऊन सुप्याचे तीन गडी मारले." मी लाल शाईनं 'आपल्या' खोडलं आणि 'वाघासारखी'ही खोडलं. वाघ पाहिला नसेल त्यानं असं लिहू नये, म्हटलं. तू म्हणालास, "पाहिलाय गुरुजी, अणशीच्या वाटेवर." मग तर मुळीच लिहू नकोस, असं मी म्हटल्यावर सगळा वर्ग हसला आणि तूही हसलास. निकाल पहिल्या वाक्यात यावा. खेळाडूचं पूर्ण नाव एकदा द्यावं, पुढे नुसतं आडनाव. वार्ताहर कोणत्याही संघाचा नसतो, म्हणून 'आपण जिंकलो' असं न लिहिता 'जोयड्याचा संघ जिंकला' असं लिहावं. हुतूतूचा गडी 'मेला' असं मैदानावर खुशाल ओरडा, कागदावर मात्र तो 'बाद झाला'. पंचाच्या निर्णयाविषयी मत देऊ नये. बेळगावची वर्तमानपत्रं वाचून वाचून मी हे सगळं जमवलं होतं आणि मला त्याचा मोठा अभिमान होता. जंगलातल्या शाळेची मुलं, पण वृत्त असं लिहितात की शहरातल्या संपादकानं खाली बघावं, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. तुझ्याइतकं ते कुणीच आत्मसात केलं नाही. वर्षभरात तुझ्या मजकुराला माझी लाल शाई लागेनाशी झाली होती.

सहावा नियम कसा आला तेही तुला आठवत असेल. हरलं की तुम्हा पोरांची रडगाणी सुरू व्हायची. ऊन डोळ्यांवर होतं, मैदान ओलं होतं, पंच त्यांच्या कॅप्टनचा मामा होता. मी वैतागून फळ्यावर लिहिलं, 'पराभवाची कारणे देऊ नयेत.' चांगला नियम होता तो. आजही तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. वाईट होतं ते त्याच्याआड उभं राहून मी जे केलं ते.

नागू वेळीप दिग्गीचा. तिथून रोज येणं शक्य नव्हतं म्हणून तुमच्या घरी राहायचा. त्याच्या आईनं, काशीबाईनं, पोराचा हात तुझ्या आईच्या हातात दिला होता, आणि तुझ्या आईनं, गिरजाबाईंनी, तुम्हा दोघांत कधी भेद केला नाही. एका ताटात जेवणारी पोरं तुम्ही. त्या साली भादव्यात नागूला हिवताप आला. महिनाभर अंगात मुरला, मग उतरला. अंग वाळलेलं, पोट तेवढं पुढे आलेलं. पण चढाईला त्याच्यासारखा दम कुणाचाच नव्हता. दसऱ्यानंतर तुम्ही अणशीला खेळायला गेलात. हेडमास्तर गेले नाहीत, मीही गेलो नाही. तुम्ही हरून आलात, आणि दुसऱ्या दिवशी तू वृत्त माझ्या टेबलावर ठेवलंस. शेवटून दुसरं वाक्य असं होतं: "उत्तरार्धात वेळीप डावी कूस धरून दोनदा खाली बसला, त्याचे ओठ पांढरे पडले होते."

मी ते खोडलं. तू जागचा हलला नाहीस. तोवर तू कधी उलट बोलला नव्हतास, पण त्या दिवशी म्हणालास, "गुरुजी, हे कारण न्हाई. हे झालं." मी वर न बघता म्हटलं, "खेळात माणूस दमतो वासू. हरलेल्याचं दमणं लिहिलं की ते कारणच होतं." मग तू स्वच्छ प्रत करून आणलीस, त्या वाक्यावाचून. अक्षर नेहमीसारखंच सुरेख होतं.

हेडमास्तर भिंतीवरचं पत्र वाचूनच पुढचा संघ ठरवायचे, हे मला माहीत होतं. त्यांनी ते वाचलं आणि नागूचं नाव सुप्याच्या सामन्यासाठी पहिलं घातलं. आठवड्यानं काळी नदीच्या काठच्या त्या मैदानावर मी स्वतः हजर होतो. नागूनं चढाई केली, दोघांना शिवला आणि परत फिरताना त्याला पाच-सहा जणांनी धरून पाडला. त्यात कुणाचा दोष नव्हता, खेळच तसा. ढिगाखालून त्याचा 'हुतूतू' ऐकू येत होता, मग थांबला. चहूकडून आरडाओरडा झाला, "मेला! मेला!" टाळ्या पडल्या. पोरं एकेक करून अंगावरून उठली. नागू उठला नाही. तू रेघेपलीकडून धावत गेलास आणि त्याची डावी कूस धरून बसलास. इतकी माणसं होती, पण कुठे धरायचं ते तुला एकट्यालाच ठाऊक होतं. टाळ्या वाजतच होत्या. डॉक्टर नंतर म्हणाले, तापानं पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजली होती, धक्क्यानं फुटली. आधी दुखली असणारच, महिनाभर निजवून ठेवला असता तर पोरगा वाचला असता.

पुढचं लिहायला बसलो की पेन थांबतं, पण आज लिहितो. तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या खोलीत आपण सगळे होतो. काशीबाई दाराशी भिंतीला टेकून बसली होती, गिरजाबाई तिच्याजवळ. हेडमास्तरांनी तुला विचारलं, "अणशीला तू होतास ना? मुलाला दुखत होतं, तू पाहिलंस?" तू म्हणालास, "व्हय." "मग वृत्तात लिहिलं का नाहीस?" तू माझ्याकडे पाहिलंस. फक्त एकदा. मी खिडकीबाहेर बघत होतो, वासू. बाहेर काहीही नव्हतं, एक रिकामी बैलगाडी उभी होती, तिच्याकडे मी बघत राहिलो. मला वाटलं तू सांगशील, आणि तू सांगितलंस की मी मान्य करीन, असं मी मनाशी ठरवलंही होतं. तू म्हणालास, "राहून गेलं."

चौदा वर्षांच्या पोरानं मास्तराची लाज राखली, आणि मास्तरानं ती राखू दिली.

काशीबाई उठून गेली ती तुमच्या घराचा उंबरा पुन्हा चढली नाही. बायका म्हणू लागल्या, सामना खेळायला मिळावा म्हणून वासूनं नागूचं दुखणं दडवलं. पंधरवड्यात तू बेळगावला मामाकडे निघून गेलास. गिरजाबाई पाणवठ्यावर एकट्या जायच्या, एकट्या यायच्या. मी रोज शाळेत जात होतो, नियम शिकवत होतो. त्या वाटेवरून जाताना एकदा तरी त्यांच्या अंगणात थांबून सांगावं, असं मला पुष्कळदा वाटलं. वाटत राहिलं. गेल्या साली त्या गेल्या. तू आलास, दहावं करून परत गेलास. मी तुला लांबून पाहिलं.

प्रस्तावना मी लिहिली नाही. कृष्णरावांना सगळं सांगितलं आणि वही परत घेतली. त्यांनी मला पाणी आणून दिलं. मग गेल्या सोमवारी मी दिग्गीला गेलो. या वयात ती वाट मला झेपली नाही, दोनदा बसावं लागलं. काशीबाई अंगणात कंद निवडत होती. मला ओळखलं, बसायला पाट दिला. मी उभ्यानंच सांगून टाकलं की वासूनं लिहिलं होतं, मी खोडलं. तिनं कंदाची माती पुसणं थांबवलं नाही. मग म्हणाली, "गिरजा मेली तवा मी गेले न्हाई. जायला पायजे हुतं." मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुमचं काय करायचं ते मी मागनं बघीन मास्तर. त्या पोराला ठावं हाय का, तुमी हितं आलाय त्ये?" मी नाही म्हटलं.

तेव्हा ती जे बोलली, ते तुला कळवायलाच हे पत्र लिहिलं आहे. माझा कबुलीजबाब तू फाडून टाकलास तरी चालेल, पण तिचा निरोप पोचला पाहिजे. ती म्हणाली, "वासूला सांगा, दिग्गीला ये म्हणावं. माजा नागू खेळायचा कसा, त्ये मी एकदाबी बघितलं न्हाई. अणशीला काय झालं, सुप्याला काय झालं, त्यो पडला तवा काय बोलला, मला कुणी सांगितलंच न्हाई. सगळ्यांनी नुसतं सांगितलं, मेला म्हणून. वासू हुता तितं. त्येनं जे जे बघितलं, समदं मला ऐकायचं हाय." भाताची कापणी झाली की ती मोकळी असते. सवड काढून ये, वासू. माझ्याकडे यायचं की नाही ते तू ठरव. तिच्याकडे मात्र जा, आणि तिला सांगताना काही गाळू नकोस.

तुझाच,
यशवंतमास्तर