पाच दिवसांचं पीठ

॥ श्री वीतरागाय नमः ॥

सातारा,
ता. २ मे १९४६

ती. सौ. पद्माआत्यास,
राजमतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं कार्ड आणि गुळाची ढेप दोन्ही पोचली. ढेप आधी आली आणि कार्ड दोन दिवसांनी, त्यामुळे कुणाच्या नावाने गूळ खातोय ते कळायच्या आत आबांनी निम्मा कोपरा संपवला होता.

आचारी ठरला का म्हणून विचारतेस. ठरला नाही आणि ठरणारही नाही. त्याची मजुरी ऐकली, मग यादी ऐकली, आणि यादीतली साखर ऐकल्यावर त्याला पाणी देऊन वाटेला लावलं. रेशनच्या साखरेत सव्वाशे माणसांचं गोड कुठून होणार? शाळेला सुट्टी लागली आहे आणि माझे हात धड आहेत. माझ्या लग्नाचा स्वयंपाक मीच करणार. हसू नकोस. हळद लागली की नवरीने चुलीपुढे जायचं नाही, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून टिकणारं गोड आधीच करून ठेवायचं ठरवलं. लग्नाच्या दिवशीचा, सतरा तारखेचा भात, आमटी, भोपळ्याची भाजी आणि कैरीचं पन्हं शेजारच्या साळूबाईने अंगावर घेतलं आहे.

गेले चार दिवस आम्ही दोघी जात्यावर होतो. हरभऱ्याची डाळ दळली, तुझा गूळ किसून घातला आणि आज लाडू वळून संपले. तीनशे दहा भरले. साळूबाईचं म्हणणं, त्यास्नी म्हैनाभर कायबी व्हत न्हाई. तरी मला चैन पडत नाही. तासातासाने डब्याचं झाकण उघडून वास घेते. आबा हसतात.

हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच गं. तीस वर्षं ते दुसऱ्यांच्या लग्नांत पंगतीच्या टोकाला उभे राहिले, लोकांना आग्रह करकरून वाढलं. आता उजवा हात उठत नाही, जीभ अडखळते. काल मला जवळ बोलावून एवढंच म्हणाले, की आपल्या मांडवातून कुणी उपाशी जाऊ नये आणि विहीणबाई तर नाहीच नाही. आई नाही, तेव्हा ते आता माझ्यावरच आलं.

लोभ मंद आचेवर का होईना, कायम ठेवावा.

तुझी,
राजमती

॥ श्री ॥

सांगली,
ता. ५ मे १९४६

चि. राजमतीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

अगं वेडे, हे काय करून बसलीस! तुझं पत्र वाचलं आणि हातातलं निवडणं तसंच सुपात राहिलं. उन्हाळ्यात दळलेल्या पिठाची मर्यादा पाच दिवस. सहाव्या दिवशी ते पीठ आणि त्याचं केलेलं काहीही नेमाच्या माणसाला चालत नाही. आपल्या जैन लोकांत हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. दोष तुला तरी काय देऊ? वहिनी गेली तेव्हा तू चार वर्षांची. साताऱ्यात आपली घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि दादाला पीठ आजचं की महिन्यापूर्वीचं, याची कधी शुद्ध नव्हती. साळूबाई बिचारी तिच्या घरच्या रीतीने बोलली.

पण तुझी होणारी सासू, चंदनबालाअक्का, नेमाची किती कडक आहे ठाऊक आहे का? पानात पडलेल्या जिनसाचं पीठ कधीचं, हे विचारल्याशिवाय घास उचलत नाही. विहिणीच्या पंगतीत तिने लाडू बाजूला सारला, की तिच्यामागे सांगलीचं अख्खं वऱ्हाड हात आखडणार. तिच्यापुरते पाच ताजे वळावेत म्हणशील, तर एकीला वेगळं वाढणं म्हणजे बाकीच्यांना शिळं वाढल्याची दवंडीच.

नव्याने सगळं करायला डाळ उरली आहे का? नसेलच. तेव्हा माझं ऐक. विचारलं तर परवाच दळलं म्हणून सांगायचं. मीही हो म्हणेन. पाप लागलं तर माझ्या वाट्याला घेते, माझी पाठ रुंद आहे.

काळजी करू नकोस असं लिहीत नाही, कारण मीच करते आहे. जपून राहा आणि झाकणं उघडणं बंद कर.

तुझी,
आत्या

॥ श्री ॥

सातारा,
ता. ८ मे १९४६

ती. सौ. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

डाळ नाही. वाण्याकडे जाऊन आले, ओळखीच्या चार घरी विचारून आले. पायलीभरसुद्धा मिळत नाही. दोन दिवस घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. साळूबाईला सांगितलं, तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, की आमच्यात असलं काय न्हाई बघा, न्हाईतर म्या कशाला सांगितलं असतं. मग दोघी डब्यांकडे बघत बसलो. लाडू मात्र फार सुरेख झाले आहेत, आत्या. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

तुझ्या युक्तीवर पुष्कळ विचार केला. एकदा जमेल असं वाटलंही. पण मला जन्मभर अक्कांच्या पानात वाढायचं आहे. रोज भाकरी वाढताना हा लाडू आठवला तर मी काय करू? आणि आबांना कुणी उपाशी जायला नको आहे हे खरं. पण फसवून जेवू घातलेलं त्यांना चालेल का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. विचारायची गरजही नव्हती म्हणा.

तेव्हा तू रागावणार आहेसच, तर आत्ताच रागव. काल मी चंदनबालाअक्कांना पत्र टाकलं. पीठ कधी दळलं, लाडू कधी वळले, चूक कशी झाली, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, की आपण सांगाल ते करीन, फक्त माझ्या वडिलांना मांडवात मान खाली घालायला लावू नका. टपालपेटीत पत्र पडल्याचा आवाज झाला, तेव्हा वाटलं हात घालून परत काढावं.

लोभ उरला असल्यास असू द्यावा.

तुझी,
राजमती

॥ श्री ॥

सांगली,
ता. ११ मे १९४६

चि. राजमतीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वाद सवयीने लिहिले; मनात होतं ते लिहिलं तर कार्ड पेटेल. अगं, नवरीने होऊन सासूला पत्र लिहिलेलं या सांगलीत कुणी ऐकलं आहे का? आणि आणखी एक ऐक. अक्कांना अक्षर वाचता येत नाही. तुझं पत्र त्यांना मदनने वाचून दाखवलं! म्हणजे लग्नाआधीच तू नवऱ्याला पत्र धाडलंस म्हणायचं. बस आता लाजत.

काल मी जीव मुठीत धरून त्यांच्याकडे गेले. अक्का तांदूळ निवडत होत्या. इकडचं तिकडचं बोलल्या. पत्राबद्दल चकार शब्द नाही. उठताना एवढंच विचारलं, की सूर्यास्ताच्या किती आधी पंगत बसणार. मी सांगितलं, तर मान हलवून पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. मदन दारापर्यंत पोचवायला आला. काही तरी बोलेल म्हणून मी चपला घालायला मुद्दाम वेळ लावला, पण तोही आईचाच मुलगा.

मला काही सुचत नाही. तेरा तारखेला निघते. सातारा रोड स्टेशनवर कुणाला तरी पाठव. लाडू होते तसेच असू देत. जे व्हायचं ते मांडवात होईल.

तुझी,
आत्या

॥ श्री ॥

सातारा,
ता. २१ मे १९४६

चि. सौ. राजमतीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सौ. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं. मी इथे महिनाभर दादापाशी राहते आहे, तेव्हा इकडची चिंता करू नकोस. मांडव उतरला, भांडी ज्याची त्याला पोचली. तुझ्या तीनशे दहा लाडवांतला एक उरला नाही. वऱ्हाडाने मागून मागून खाल्ले. साळूबाईची आमटी तर तुझ्या आबांच्या मांडवाची आमटी म्हणून गावात गाजते आहे.

पण एक सांगायलाच हवं. विहिणीच्या पंगतीत अक्का पाटावर बसल्या आणि आज आपल्याला उपवास आहे म्हणून नुसतं पाणी घेतलं, हे लोक विसरलेले नाहीत. मुलाच्या लग्नात कुणाची आई उपवास धरते? नदीवर, देवळात तेच बोलणं. विहीण रुसली, सून पसंत नव्हती, आणखी काय काय. दादा तर सकाळ झाली की मला एकच विचारतो, विहीणबाई जेवल्या का. मी रोज विषय बदलते. तो रोज विचारतो.

तुझ्याशी त्या कशा वागतात? खरं खरं कळव. गोड लिहिशील तर मला ओळखू येईल.

तुझी,
आत्या

॥ श्री ॥

सांगली,
ता. २४ मे १९४६

ती. सौ. आत्यास,
राजमतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

खरं खरं लिहिते. पहिले चार दिवस मी नुसती धसक्यात होते. अक्का माझ्याशी कामापुरतं बोलत. मदन काही विचारायला आले की अक्कांकडे बघून बाहेर निघून जात. भांडं हातातून पडलं तरी मला वाटे, आता लाडवांचं निघणार.

काल सकाळी अक्कांनी मला हाक मारली. बघते तर माजघरात जातं मांडलेलं, शेजारी हरभऱ्याची डाळ भाजून ठेवलेली. मला समोर बसायला सांगितलं. एकाच खुंट्याला दोघींनी हात घातला आणि दळता दळता त्या बोलल्या. ज्या दिवशी पत्र वाचून झालं, त्याच दिवशी त्यांनी सतरा तारखेचा उपवास मनात धरला होता. लाडवांची मर्यादा संपली म्हणावं, तर पंगत उठली असती; लाडू खावेत, तर त्यांचा नेम मोडला असता. उपवासवालीला लाडू का सोडला म्हणून कुणी विचारत नाही. मला निरोप का नाही धाडला, तर म्हणाल्या, की निरोप म्हटला की आणखी एक तोंड आलं.

मग थांबून म्हणाल्या, की पोरी, तू खोटं बोलली असतीस तर मी खाल्लं असतं, आन् माझा नेम मोडलेला मला जन्मात कळला नसता. त्यापुढं एक दिवस उपाशी ऱ्हायलं, त्यात काय लय मोठं. हो, त्या लाडवांचा वास मात्र दिवसभर नाकात होता आणि मदनने पाच खाल्लेले त्यांनी मोजले, हेही सांगितलं. मी जात्यावर डोकं टेकून रडले, आत्या. पिठात पाणी पडेल म्हणून त्यांनी मला बाजूला सरकवलं.

दुपारी लाडू वळले. त्यांनी माझं पान न मांडता आपलंच मांडलं आणि तुझ्या लग्नाची पंगत आता वाढ, म्हणाल्या.

उद्या इथले एक गृहस्थ साताऱ्याला निघाले आहेत. त्यांच्यासोबत अक्कांनी आबांसाठी चार लाडू दिले आहेत. पीठ कालचं आहे. पाच दिवसांच्या आत खायला घाल, नाहीतर त्या मला विचारतील. लोभ आता दोन्ही गावांत आहे, तो तसाच वाढत राहू दे.

तुझी,
सौ. राजमती

ता. क. पत्र मागाहून वाच. आधी आबांना एवढंच सांग, विहीणबाई जेवल्या.